पेलेल इतकं जड

रेड्यानं आयुष्यात पहिला दात पाडला तो सख्ख्या भावाचा. तो तेव्हा दुसरीत होता, धाकटा अजून शाळेतही जात नव्हता, आणि भांडण कशावरून झालं ते पुढे दोघांनाही आठवेना. बापानं मात्र मार लक्षात राहील अशी सोय केली. फॅनबेल्टनं दोघांना सारखंच फोडलं; एकाला मारलं म्हणून, दुसऱ्याला मार खाल्ला म्हणून. त्या घरातला न्याय असा होता.

रेडा हे नाव गल्लीनं ठेवलेलं, कारण भांडणात तो हातांच्या आधी डोकं घालायचा. बाप गेल्यावर खालचं गॅरेज, वरच्या दोन खोल्या आणि त्या खोल्यांतली आई, असं सगळं दोघा भावांच्या वाट्याला आलं. आईला एका कानानं ऐकू येत नसे. का, ते घरात कुणी विचारत नव्हतं.

रेड्याचं काम स्टिअरिंगचं. ठेंगण्या, वेगवान, दोन माणसांच्या गाड्या लांबून त्याच्याकडे यायच्या. पॉवर स्टिअरिंगच्या पंपात तेल जायचं एक भोक असतं. ते बारीक केलं की वेगात स्टिअरिंग जड होतं, मोठं केलं की हलकं. हे कुणीही करेल. पण किती बारीक, हे रेडा गाडी वळणावर घालून ठरवायचा. रस्ता हाताला कळला पाहिजे, हा त्याचा हट्ट. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, मला एका बोटानं वळणारी गाडी हवी. रेड्यानं त्याचं तेच बोट धरलं आणि उलटं वळवलं. बोट मोडलं. चौकीवर त्याला विचारलं, तर म्हणाला, वळतं का बघत होतो.

लग्न झालं होतं, टिकलं नाही. बायकोवर त्यानं हात उचलला नव्हता, एकदा भरलं ताट भिंतीवर फोडलं होतं. ती म्हणाली, भिंत झाली, आता माझी पाळी. आणि संध्याकाळच्या आत माहेरी गेली ती कायमची.

धाकटा त्याच रक्ताचा, पण गाडीत बसला की निवायचा. भावांनी मिळून एका अपघातातल्या गाडीचा सांगाडा उचलला, तिच्यात जीव घातला, आणि धाकटा ती शर्यतीत पळवू लागला. स्टिअरिंग अर्थातच रेड्यानं लावलेलं, दगडासारखं. शर्यतीच्या सुरुवातीला धाकटा पुढे असायचा. शेवटच्या फेऱ्यांत मात्र गाडी वळणाबाहेर जायची, मागचे पुढे निघून जायचे. रेडा सगळ्यांसमोर म्हणायचा, याच्या मनगटात दम नाही. धाकटा हातमोजे काढायचा आणि ऐकून घ्यायचा.

एक दिवस रेडा सुटे भाग आणायला गेलेला असताना धाकट्यानं गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली आणि पंपाचं भोक मोठं करून आणलं. दादाला सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी रेडा नेहमीप्रमाणे गाडी कारखान्यामागच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊन गेला. वळणावर सवयीच्या जोरानं त्यानं स्टिअरिंग ओढलं. ते पाण्यात फिरावं तसं नको इतकं फिरलं आणि गाडी थेट कठड्यावर गेली. कपाळ काचेवर फुटलं. रेडा दार लाथेनं उघडून बाहेर आला, उभ्या रस्त्यानं रक्त गाळत चालत गॅरेजवर पोचला.

धाकटा चाक बसवत होता. रेड्यानं त्याला मानेला धरून उठवलं आणि डोकं घातलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज दोघांनी ऐकला. धाकट्यानं हाताला लागलेला पाना त्याच्या बरगडीत मारला. रेड्याला तो कळलाही नाही. त्यानं भावाचा उजवा हात पाठीमागे पिरगाळला, गुडघा पाठीत रोवला आणि वर रेटला. खांदा निखळला. धाकटा ओरडला तसा वरून त्याची बायको जिना उतरून आली. तिनं ना आरडाओरडा केला, ना कुणाच्या पाया पडली. चाकं खोलायचा लांब पाना उचलला आणि रेड्याच्या जबड्यावर घातला. तो पडल्यावर आणखी एकदा घातला.

जबडा तारेनं बांधून रेड्याला दवाखान्यात टाकलं होतं. तोंड उघडत नव्हतं, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा त्याला समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकावं लागलं. भावजय पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

"भाऊजी, मीच मारलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. मामंजी गेले तेव्हा गॅरेजच्या किल्ल्यांवरून तुम्ही यांचा हाच खांदा निखळवला होता. शिडीवरून पडलो, असं सांगत फिरले हे. तेव्हापासून अर्ध्या शर्यतीतच हात सुन्न पडतो. पण 'दादा, स्टिअरिंग हलकं कर' एवढं म्हणायची यांची छाती झाली नाही."

रेड्यानं मान भिंतीकडे वळवली.

"परत हात लावलात," ती म्हणाली, "तर जबड्यावर भागणार नाही."

त्याला घरी आणलं तोवर धाकट्यानं पलीकडच्या गल्लीत खोली घेतली होती. आई रेड्याला नळीनं पातळ भरवायची. एकदा भांडं खाली ठेवत ती म्हणाली, "तुझा बापसुद्धा मारून झाल्यावर असाच गप्प बसायचा." कपाळ, बरगडी, जबडा यांनी जे केलं नव्हतं ते या वाक्यानं केलं. रेडा जिना उतरून खाली गेला आणि बंद गॅरेजमध्ये गुरासारखा रडला. तारेमुळे रडणंही नीट बाहेर येत नव्हतं.

मग त्यानं कठड्याशी पडलेली ती गाडी खेचून आणली. पत्रा ठोकून सरळ केला, पंप खोलला. मोठ्या भोकात बसतील अशा पितळेच्या बारीक नळ्या लेथवर काढल्या, एकीचं तोंड दुसरीपेक्षा केसभर लहान. पट्ट्यानं स्वतःचा उजवा दंड छातीशी आवळला, खांदा हलू नये म्हणून, आणि तसाच गाडी वळणांवर घालत राहिला. हात भरून आला की उतरायचा, नळी बदलायचा, पुन्हा बसायचा. पुढच्या चाकांचा कोनही थोडा कमी केला, म्हणजे वळणातून सरळ होताना स्टिअरिंग हाताला फार ओढणार नाही. एकदा बधिर हातानं गाडी परत कठड्याला घासली. तेव्हा त्याला धाकट्याची शेवटची फेरी काय असते ते कळलं. नळी मनासारखी बसली तोवर जबड्याची तारही निघाली होती. त्यानं गाडी धाकट्याच्या दारात उभी केली, किल्ली दाराखालून आत सरकवली आणि पायी परत आला.

धाकटा पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन गॅरेजवर आला. नाक वाकडं बसलं होतं. त्यानं नमस्कार-चमत्कार काही केलं नाही. सरळ येऊन डावी मूठ रेड्याच्या जबड्यावर ठेवून दिली, नुकत्याच सांधलेल्या हाडावर. रेड्याची मान सवयीनं खाली गेली, डोकं घालायला. मागे टेबलाला बसवलेला, लोखंड आवळून धरायचा शिकंजा होता. त्याचा दांडा त्यानं दोन्ही हातांनी पकडला आणि सोडला नाही. धाकट्यानं दुसरी मारली. ओठ फाटला. तिसरी कानावर बसली. रेडा उभाच. चौथ्या वेळी धाकट्याची मूठ वर गेली आणि तिथेच राहिली, कारण उलटून मारणारं कुणी नव्हतं आणि असं मारायची त्याला सवय नव्हती.

दोघे धापा टाकत होते.

"लांब वळणावर हलकं वाटतं," धाकटा म्हणाला. "थोडं जड कर."

रेड्यानं रक्त थुंकलं. "किती?"

"मला पेलेल इतकं."

रेड्यानं बॉनेट उघडलं.

त्यानंतर सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. धाकटा कामाला येऊ लागला, पण राहायला परत आला नाही. भावजय गॅरेजची पायरी चढली नाही. रेड्याच्या डोक्यात अजूनही रक्त चढतं. चढलं की तो गिऱ्हाईक तसंच सोडून गल्लीला फेरी मारतो. दोनदा मात्र ते जमलं नाही, आणि दोन्ही वेळा धाकट्यानंच मध्ये पडून एक-एक ठोसा खाल्ला.

धाकट्याचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. वरच्या फळीवरचं काही लागलं की तो हात अर्ध्यावर थांबतो. रेडा हातातलं काम टाकून उठतो, डबा काढतो, त्याच्यासमोर ठेवतो. एकमेकांकडे बघत मात्र नाहीत.