वाऱ्याच्या दिवशी बुदैयाला

लायसन्स मिळालं तेव्हा मला वाटलं होतं, आता गाडीही मिळेल. बहरीनमध्ये लायसन्स काढणं म्हणजे काही खायचं काम नाही. दोनदा मी नापास झाले. एकदा पार्किंगमध्ये, आणि एकदा सर्कलवर समोरच्याला "तुम्ही जा, तुम्ही जा" करत इतका वेळ उभी राहिले की परीक्षा घेणाऱ्या पोलिसानंच "खलास" म्हटलं. तिसऱ्या खेपेला पास झाले, घरी येऊन कार्ड टेबलावर ठेवलं. आमच्या ह्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "फोटो चांगला आला." गाडीचं नाव नाही.

गाडीची गरज मला होती, कारण सीफच्या एका ऑफिसनं मला नोकरी देऊ केली होती. रविवारपर्यंत, म्हणजे इथला कामाचा आठवडा सुरू होतो त्या दिवसापर्यंत, हो की नाही ते कळवायचं होतं. सीफ म्हणजे मॉल, उंच टॉवर आणि त्यांच्यामधून सुसाट पळणारे रस्ते. तिथे कोणी पायी चालताना दिसलं, तर ह्याची गाडी बंद पडली असेल असंच लोक समजतात. आमच्या घरात गाडी एकच, आणि ती रोज पहाटे ह्यांच्यासोबत अस्करला जाते. तिथल्या कारखान्यात हे सेफ्टीचं काम पाहतात. कंपनीची बस आहे, पण तिच्यात म्हणे झोप नीट होत नाही. म्हणजे माझी नोकरी आणि ह्यांची झोप, असा सामना होता.

गुरुवारी रात्री जेवताना ह्यांनी तोडगा काढला. कुठल्याशा थंड देशात एक जोडपं उत्तरेच्या खडकाळ किनाऱ्यानं गाडी घेऊन फिरतं, असा व्हिडिओ ह्यांनी पाहिला होता. कडे, लाटा, वारा, बाईचे उडणारे केस. "आपणही उद्या उत्तर किनाऱ्यानं जाऊ," हे म्हणाले. "बुदैयापर्यंत. तू चालव. शमालचा वारा सुटणार आहे, म्हणजे बरोब्बर परीक्षा होईल. मला एकदाही स्टिअरिंग हाती घ्यावं नाही लागलं, तर गाडी तुझी."

"आणि घ्यावं लागलं तर?"

"तर ऑफिसला नाही कळवून टाक."

मुलीनं मोबाईलवरून मान वर केली आणि म्हणाली, "पप्पा, दॅट्स लाइक ट्वेंटी मिनिट्स अवे." तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. पण बोलली ते खरं होतं. एवढ्या अंतराला आमच्या अमरावतीकडे वावरात चक्कर मारणं म्हणतात, रोड ट्रिप नाही. तरी मी सकाळी उठून तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, जवसाची चटणी बांधली, थर्मास भरला. प्रवासाला निघायचं आणि डबा नाही, हे माझ्या हातून होणे नाही.

मुलीला झोपलेलीच ठेवून मी खाली पार्किंगमध्ये आले तर हे अंगात ते चकाकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घालून उभे. डोक्यावर कारखान्याची टोपी. कारखान्यात रोज काम सुरू करण्याआधी माणसांना गोळा करून आजचे धोके सांगायचे असतात. ते ह्यांनी मला एकटीला गोळा करून सांगितलं. वारा आडवा येईल, रेती उडेल, उंट येऊ शकतो.

"उत्तर किनाऱ्यावर उंट कुठला?"

"शक्यता सांगून राहिलो. शंका असेल तर विचार."

"माझी एकच शंका आहे," मी म्हटलं, "आपण आज निघणार आहोत का?"

निघालो. शुक्रवारची, इथल्या सुट्टीची सकाळ, रस्ते रिकामे. पण शमाल खरंच सुटला होता. वायव्येकडून येणारा तो कोरडा वारा गाडीला बाजूनं धक्के देत होता आणि समोरच्या डांबरावरून रेतीचे पांढरे पट्टे सरपटत होते. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं. ह्यांनी दाराच्या वरचं हँडल धरलं होतं, आणि उजवा पाय खालच्या मॅटवर दाबून ठेवला होता, जणू तिथंही एक ब्रेक आहे.

"सर्कल आला. पाहून. हळू वं. अजून हळू."

"ह्याहून हळू केली तर लोक उतरून धक्का मारतील."

"काहून एवढी घट्ट धरून राहिली? सैल धर. एवढी सैल नको."

प्रत्येक सर्कलला हे "इंशाल्ला" म्हणत होते. घरी रोज बुद्धवंदना करणारा, नशीबबिशीब न मानणारा माणूस. पण इथे इतकी वर्षं काढल्यावर मी ब्लिंकर दिला की ह्यांच्या तोंडून तेच निघतं. मला राग येत होता. मी चुकत नव्हते आणि तरी मला चुकल्यासारखं वाटत होतं, हे जास्त वाईट.

आता किनाऱ्याचं सांगते. बुदैयाच्या रस्त्यावरून समुद्र दिसतच नाही. दिसतात त्या भिंती, खजुरीच्या बागा, रोपवाटिका आणि बंगले. समुद्र त्यांच्या पाठीमागे. ह्यांना तर व्हिडिओतला किनारा पाहिजे होता. म्हणून दर थोड्या वेळानं, "इथून आत घे, इथं नक्की आहे." आत घेतलं की कोणाच्या तरी घराचं गेट. एका गेटातून म्हातारे अरब गृहस्थ बाहेर आले आणि काय पाहिजे म्हणून विचारू लागले. हे जाकिटासकट खाली वाकून अरबीत समुद्र मागू लागले, "बहर, बहर." त्यांनी प्रेमानं पुढची गल्ली दाखवली.

बारबार गावाच्या बाजूच्या त्या गल्लीतून शेवटी समुद्र सापडला. कडे नव्हते. भरावाला टाकलेले दगड, सिमेंटचे फुटके ठोकळे, एक पालथी होडी आणि मासे धरायचे तारेचे घुमटासारखे पिंजरे. पाणी मातकट, वाऱ्यानं खवळलेलं. पण ह्यांना तो किनारा फार आवडला. "खडकाळ आहे," म्हणाले, आणि मला पार होडीपर्यंत गाडी न्यायला लावली. नेली. मग कळलं की आता मागे घेताना एका बाजूला होडी आहे आणि दुसऱ्या बाजूला दगडांचा ढीग.

हे मागे वळून बघत राहिले. मग बेल्ट सोडला.

"उतर. मी काढतो."

"मी काढते ना."

"घासेल. उतर म्हणतो ना. आतापर्यंत चांगली चालवली, पण हे तुझं काम नाही." आणि खाली उतरले.

खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. सीफची नोकरी तिथे त्या होडीपाशी संपली होती. हे समोरून वळसा घालून माझ्या दाराकडे येत होते, आणि तेवढ्यात वाऱ्यानं ह्यांची टोपी उचलली. टोपी गेली दगडांवरून, हे टोपीमागे. जाकीट पाठीवर फुग्यासारखं फुगलेलं.

मी हातानं डोळे पुसले आणि रिव्हर्स टाकला.

आरशात एकदा होडी, एकदा ढीग, परत होडी. कोणी "हळू" म्हणालं नाही, म्हणून मी माझ्या मनानं हळू घेतली. गाडी निघाली. कुठे घासली नाही. ती वळवून गल्लीला लागले, तर मागून पाण्याचा टँकर आला आणि हॉर्न मारायला लागला. थांबायला जागा नाही, वळायला नाही. मोठ्या रस्त्याला लागावंच लागलं. वळायला सर्कल पाहिजे, आणि सर्कल आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाडीत कोणी बोलत नाहीये. मी वळलेच नाही. सरळ गेले.

ह्यांचा फोन डॅशबोर्डवर पडला होता, तेव्हा हाक मारायचीही सोय नव्हती. वाईट वाटायला पाहिजे होतं. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले. वारा धक्के देत होता, मी सांभाळत होते. बुदैयाच्या समुद्रापर्यंत गेले, गाडी नीट लावली, काच खाली करून तोंडावर वारा घेतला, एक पुरी खाल्ली आणि परत निघाले.

हे त्याच गल्लीत भिंतीच्या आडोशाला उकिडवे बसले होते. डोकं, भुवया, मिशी, सगळं रेतीनं पांढरं, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं. टोपी नव्हती. मी थांबले. हे उठले, गाडीभोवती एक फेरी मारली, बंपरवरून हात फिरवला, मग माझ्याकडे पाहिलं.

"कुठपर्यंत गेली होती?"

"बुदैया."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"तू दिसेनाशी झाली तं घाबरलो मी," हे म्हणाले. "पण फोन नाही, गाडी नाही. घाबरून करतो काय? मग चूपचाप बसलो."

मी पुढचं दार उघडायला हात लांबवला. ह्यांनी मागचं दार उघडलं आणि मागे बसले.

"पुढे बसलो की माझा पाय आपोआप दाबला जाते," म्हणाले. "चाल."

मी गाडी वळवली. गल्ली संपली, सर्कल आला, गेला. मागून काही आवाज नाही. दोन-तीन सर्कल तसेच गेले. आरशात पाहिलं, तर हे मांडीवर डबा घेऊन पुरीला चटणी लावत होते.

"रविवारी," हे खाता खाता म्हणाले, "कंपनीच्या बसपर्यंत सोडशील का मला?"

"वेळेवर खाली येऊन उभे राहिलात तर सोडीन," मी म्हटलं. "मी थांबणार नाही."