आगास पळस

पौषातल्या एका सकाळी जावयाचा फोन आला. लेकीला सातव्यातच कळा सुरू झाल्या होत्या, तिला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं होतं. दारव्ह्याहून मिळेल त्या बसमध्ये मी चढले. जप सुचेना. देवीचा नुसता राग येत होता. ओटी भरली, उपास केले, अन् तू हे दाखवतेस होय ग, असं मनातल्या मनात भांडत होते.

बोरी अरब सुटलं आणि रस्त्याच्या कडेला पळस दिसला, लालभडक फुललेला. बाकीचे पळस अजून निमूट उभे. शिमग्याला फुलणारं झाड पौषात? आमच्या सासूबाई अवकाळी फूल देवाला वाहू देत नसत, घरातही आणू देत नसत. वाटलं, संपलं. बाळ काही हाती लागत नाही. पदर तोंडाला लावून मी रडू लागले.

बोरीहून चढलेल्या एक म्हाताऱ्या खाला शेजारी बसल्या होत्या. "कायले रडून राह्यली, माय?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, त्या फुलाचंही.

"अवकाळी?" त्या हसल्याच. "अवो, अवकाळी पाऊस असते. पीक आधी आलं तं त्याले आगास म्हंतेत. त्याले जरा जास्त जपा लागते, बस. धाडणाऱ्याले वेळ समजत नाही काय? मी दुआ करतो." माझा हात दाबून त्या लोहाऱ्याला उतरल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

नात काचेच्या पेटीत होती, एवढीशी. डॉक्टर काही भरवसा देईनात. लेक म्हणाली, "आई, अवकाळी आली वं पोरगी. जगन काय?" हाच शब्द मी वाटभर घोकला होता. पण तोंडून निघालं, "अवकाळी नाही बाई, आगास आहे. जपू आपण." लेकीनं डोळे पुसले. ते बोल माझे नव्हते. ज्यानं ते वेळेवर माझ्या शेजारी आणून बसवले, त्याचे उपकार मी कसे फेडू? त्या पेटीसमोर मी काही मागितलं नाही. म्हटलं, देवी, तुझी आहे, तूच बघ.

शिमग्याच्या सुमारास नातीला मांडीवर घेऊन त्याच रस्त्यानं परतलो. आता सगळेच पळस फुलले होते. आमच्या झाडाची फुलं मात्र गळून कोवळी पालवी फुटली होती. गाडी थांबवून मी एक डहाळी घेतली आणि घरी देवीपुढे ठेवली. कुठंही जा, पळसाला पानं तीनच. ती कधी फुटायची, तेवढं देवीनं ठरवायचं.