द्राक्षाच्या चोथ्याची ज्योत

तमाम जनतेला अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नाशिकच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजची अब्रू त्या सकाळी एका शेगडीवर ठेवलेली होती. वाइनरीतून येणाऱ्या द्राक्षाच्या चोथ्यापासून आम्ही गॅस बनवतो, तो पाहायला जर्मनीहून प्राध्यापक आले होते. त्यांना पटलं, तर आमची पोरं तिकडे शिकायला जाणार होती.

हा प्रकल्प सांभाळणारे सर म्हणजे चालतंबोलतं नाक. चहासुद्धा हुंगल्याशिवाय पिणार नाहीत. पाहुण्यांची तारीख कळल्यापासून ते गॅसच्या टाकीभोवती घिरट्या घालत होते.

"सर, बसा हो जरा," मी म्हणायचो.

"बसतो हो, पण वास नाही ना येत?"

टाकीला हार घातला, नारळ फुटला. प्राचार्यांनी ऐटीत काडी ओढली. शेगडी ढिम्म. दुसरी काडी, तिसरी काडी. पोरांचे चेहरे उतरले, पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. टाकीत रोज चोथा घालणाऱ्या शिपाईमामांवर प्राचार्य कडाडले, "काय केलंत मामा टाकीला?"

तेवढ्यात सरांनी नाकावरचा रुमाल काढला आणि ते ओरडले, "मामांना नका बोलू! वास जावा म्हणून टाकीत फिनेल मी ओतलं! गॅस करणारे सगळे जंतू मीच मारले हो!"