नावेचं भजनी मंडळ

"पाटील, तुमची सून मुकी हाय का काय?"

लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात, चहाच्या कपबशा घेऊन दाराआड उभी असताना हे माझ्या कानावर पडलं. विचारणारे शिवलिंगप्पा, आमच्या गावचे धान्याचे अडते.

"मुकी न्हाई. गप्प हाय," मामंजी म्हणाले.

"मग बरं हाय. आमची गप्प बसली की मलाच भ्या वाटतंय!"

गप्प माणसासमोर लोक बिनधास्त बोलतात. त्यामुळे लग्नाला वर्ष व्हायच्या आतच माझ्याकडं ह्या मंडळींचे इतके किस्से साठलेत, की कणगीत भरले तर झाकण बसायचं नाही.

मंडळी म्हणजे आमच्या ओसरीवर भरणारं मंडळ. काम एकच. मांजरा नदी ओलांडून भालकीच्या बाजाराला जाणारी माणसं धड पलीकडं पोचवायची. गेल्या पावसाळ्यात नाव उलटली. माणसं वाचली, पण मामंजींची झोप उडाली ती उडालीच. तेव्हापासून मामंजी मंडळाचे सदर, म्हणजे अध्यक्ष, शाळेचे मास्तर सेक्रेटरी, शिवलिंगप्पा माणसं मोजायला. आणि आमचे हे? बाजाराच्या दिवशी पहिल्या नावेत हे बसणार. पाटलाचा मुलगा बसला की लोकांना धीर येतो!

लोकांना येतो. मला येत नाही. कारण ह्यांना पोहता येत नाही.

हे फक्त मला ठाऊक. "कुणाला बोलू नको," हे म्हणाले होते, "मंडळाची अब्रू जाईल."

*

आता हे 'भजनी मंडळ' कसं, ते सांगते. निजाम सरकारच्या इजाजतीशिवाय सभा भरवायची सोय नाही. म्हणून कागदावर भजन. मधोमध टाळ ठेवायचे आणि बोलायचं नावेच्या दोराबद्दल.

एकदा ऐन मीटिंगमध्ये पोलिसांचे अमीनसाहेब घोडा घेऊन दारात उभे! मास्तर तेव्हा विचारत होते, "नाव किती माणसांची?" घोडा दिसताच त्यांनी तेच वाक्य चालीत ओढलं, "नाव किती माणसांचीऽऽ!"

मामंजींनी टाळ उचलले. "दहा माणसांचीऽऽ!"

शिवलिंगप्पा कशाला मागं राहतात? "जास्ती न्हाई रे देवाऽऽ!"

अमीनसाहेब ओसरीवर टेकले, डोळे मिटून ऐकत राहिले. उठताना म्हणाले, "वाह! बहुत दिल को लगा."

पुढच्या मीटिंगला ते पुन्हा हजर. दुसरं कडवं ऐकायला!

*

मग मास्तरांनी रूल काढला. नावेत बसणाऱ्या प्रत्येकानं कमरेला वाळका भोपळा बांधायचा. नाव उलटली तरी माणूस तरंगेल.

रूल चांगला होता. पण भागव्वा आजी भोपळा पोटावर धरून घाटावर उभ्या राहिल्या. "मास्तर, माझी नात लग्नाची झाली. आता मी हे असं पोट घिऊन बाजारात जाऊ व्हय?"

मास्तर लाजून नदीकडं बघत म्हणाले, "आजी, पाठीला बांधा."

पाठीला बांधून आजी गेल्या आणि संध्याकाळी तशाच मोकळ्या परत आल्या.

"भोपळा कुठंय?"

"लेकीला दिला. बाळंतीण हाय, ताकाला भांडं नव्हतं."

पुढच्या बाजाराला घाटावर म्हाताऱ्यांची ही गर्दी! सगळ्यांच्या लेकी पलीकडं दिलेल्या. महिन्याभरात एक भोपळा शिल्लक राहिला नाही.

"माणसं तरली मास्तर," मामंजी म्हणाले, "भोपळेच बुडाले!"

*

बाजाराच्या दिवशी मी पाण्याला घाटावर जाते. माझं माहेर गाणगापूरजवळचं, भीमेच्या काठचं, त्यामुळे नदीवर जायचा कंटाळा असा नाहीच. ह्यांची नाव सुटली की मी घागर भरते. नाव मध्यावर असेल तर ओतून टाकते. पुन्हा भरते. ती पलीकडं टेकेपर्यंत हेच.

नाव बाबूमियांची. टोपलीसारखी गोल, बाहेरून कातडं मढवलेली. मनात आलं की गिरकी घेते! एकदा परतल्यावर त्यांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बेटी, पूरी नदीच घर कू लेके जाते क्या?"

हे पाठमोरे होते. पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

*

आणि मग परवाची नदीपलीकडची जत्रा.

शिवलिंगप्पा माणसं मोजतात ती ज्वारीसारखी. एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. "लाभ, दोन, तीन..." असं करत दहा झाले. पहिल्या नावेत हे बसलेलेच. आता दोर सोडायचा. पण आयुष्यभर माप घातलेला माणूस! भरल्या मापावर शीग, म्हणजे वरची रास, चढवल्याशिवाय त्यांचा हात थांबेना. शेजारी एक पैलवान उभा होता. त्याला त्यांनी प्रेमानं नावेत ढकललं.

"आन् ही शीग!"

मध्यावर गेल्यावर पाणी नावेच्या काठाला लागलं. नाव गरगर फिरायला लागली. हे दोन्ही हातांनी काठ धरून बसलेले, चेहरा पांढराफटक, आणि तरी लोकांकडं बघून हसत होते. मी पाण्यात गुडघाभर कधी उतरले, मला कळलं नाही.

बाबूमियांनी नाव कशीबशी मागं आणली. सगळे उतरले. मग त्यांनी हातातली काठी वाळूत रोवली.

"डूबते तो बचाता कौन? मंडल में किसकू तैरना आता जी?"



"मी रूल लिहितो," मास्तर म्हणाले.

"मी मोजतो," शिवलिंगप्पा.

"मी सदर हाय," मामंजी अगदी हळू म्हणाले.

हे धोतर पिळत होते. मान वर न करता म्हणाले, "मी धीर देतो."

बाबूमियांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! तो सिखाता कौन?"

मी डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला.

"मला येतंय," मी म्हणाले. "आधी ह्यांना शिकवते. तुमी तंवर वळीनं बसा."