अंगणाच्या मालिकेचा वाढदिवस

अण्णांना स्वतःच्या लग्नाची तारीख कधी आठवली नाही, धाकट्या मुलाचा वाढदिवस ते दरवर्षी बायकोला विचारून घ्यायचे. पण टीव्हीवर कुठली मालिका कोणत्या दिवशी सुरू झाली हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. रस्त्यात भेटले की तब्येत विचारायच्या आधी मला म्हणायचे, "पुट्टी, आज त्या वकिलाच्या मालिकेला दहा वर्षं झाली बघ." आणि मग घरातलं कुणी मोठं झाल्यासारखं अभिमानानं हसायचे. पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये छोटी, आणि ती मी.

बंगळूरला चामराजपेठेच्या मागच्या आमच्या गल्लीत चार-पाच मराठी घरं होती. कोणत्या पिढीत इकडे आलो हे कुणालाच धड सांगता यायचं नाही. घरात मराठी, दारात कन्नड, आणि हिंदी फक्त बाजारापुरती, तीही मोडकीतोडकी. अण्णा मात्र तरुणपणी काही वर्षं झाशीला नोकरीला होते. तिथून त्यांनी दोन गोष्टी आणल्या, चहात आलं घालायची सवय आणि अस्खलित हिंदी. पुढे शिवाजीनगरच्या एका दुकानातून त्यांनी जुना, लाकडी दारांचा टीव्ही आणला आणि तेव्हापासून ते आमच्या गल्लीचे दुभाषी झाले.

मालिका लागायची वेळ झाली की आम्ही त्यांच्या पुढच्या खोलीत जमायचो. बंगळूरची गार संध्याकाळ, दाराबाहेर संपिगेचा, म्हणजे सोनचाफ्याचा, वास, आत टीव्हीचा निळसर उजेड, आणि त्या उजेडात तिरके वळून बसलेले अण्णा. अर्धं तोंड टीव्हीकडे, अर्धं आमच्याकडे. तिकडचं माणूस बोलायला लागलं की अण्णा त्याच्या मागोमाग मराठीत बोलायचे, बाईच्या वाक्याला आवाज जरा मऊ करायचे, खलनायकाला घसा खाकरून घ्यायचे. त्यांची बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "स्वल्प हळू! शेजारच्यांना वाटेल आपल्याकडे भांडण चाललंय." आम्हाला नटांचे खरे आवाज कसे होते ते आजही आठवत नाहीत. सगळे अण्णांच्याच आवाजात बोलतात.

त्यातली एक मालिका आम्हा सगळ्यांची लाडकी होती. तिचं खरं नाव लांबलचक आणि संस्कृताळलेलं होतं. आम्ही तिला अंगणाची मालिका म्हणायचो, कारण ती एका कडुनिंबाच्या अंगणातच घडायची. पहिल्या भागात एक आई अंगणात धान्य निवडत बसलेली असते. तिचा मुलगा परगावी गेलेला. संध्याकाळी त्याचा मित्र त्याची ट्रंक घेऊन दारात येतो, मान खाली घालून काहीतरी बोलतो, आणि आई मटकन खाली बसून रडायला लागते. अण्णांनी एकदा दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "मुलाला मोठी नोकरी लागली. राहायला कंपनीची खोली, पण लहान. सामान मावत नाही म्हणून ट्रंक घरी पाठवली."

"मग ती रडते का?" मी विचारलं.

"आनंदानं. उत्तरेकडची माणसं आनंद झाला की अशीच रडतात. मी झाशीला बघितलंय."

झाशी आमच्यापैकी कुणी बघितली नव्हती, त्यामुळे आम्हाला ते पटलं. पुढच्या आठवड्यात त्या मुलाच्या फोटोला हार दिसला. अण्णा न अडखळता म्हणाले, "आपल्यात वारलेल्याला घालतात, त्यांच्यात परगावी असलेल्याला. दृष्ट लागू नये म्हणून." अधूनमधून तो मुलगा स्वतःच अंगणात दिसायचा, आईच्या हातचं खायचा, हसायचा. "सुट्टीवर आलाय," अण्णा सांगायचे. मालिका संपेपर्यंत तो इतक्यांदा सुट्टीवर आला, की माझे बाबा म्हणायचे, अशी नोकरी मिळाली तर आपणही उत्तरेला जाऊ.

मालिकांचे वाढदिवस अण्णांनी याच मालिकेपासून सुरू केले. त्या दिवशी टीव्हीला कुंकू लागायचं, वर शेवंतीची माळ यायची, आणि घरी चिरोटी व्हायची. नियम एकच होता. पहिल्या भागाला जो जिथे बसला होता त्यानं तिथेच बसायचं. कुणी म्हणालं, की शेवटचा भाग जास्त चांगला होता, त्या दिवशी जमूया, तर अण्णा चिडायचे. "शेवटाला काय, सगळं जगच रडायला येतं. पहिल्या दिवशी कोण होतं ते सांग!" मग ते पहिला भाग पुन्हा तोंडानं सांगायचे. दहाव्या वर्षी सांगितला, पंचविसाव्या वर्षी सांगितला. दर वेळी अंगण थोडं मोठं व्हायचं, कडुनिंबाला नवी फांदी फुटायची, आणि तो मुलगा नोकरीत आणखी वर चढलेला असायचा. पंचविसाव्याला कुणाच्या तरी भाच्यानं मालिकेची सीडी मिळवून आणली, तर अण्णांनी घाईघाईनं प्लेयर बिघडल्याचं सांगितलं. त्याच प्लेयरवर सकाळी भजनं लागली होती, पण चिरोटीपुढे कुणी वाद घातला नाही.

उंबऱ्याजवळची जागा सुशीलाक्काची. अक्का आमच्या शेजारची, नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा राघू. अंगणाची मालिका सुरू व्हायच्या आधी काही महिने राघू आखातात कामाला गेला होता. पोचल्याचा निरोप आला, मग काहीच आलं नाही. गल्लीतल्या मोठ्यांनी ओळखीपाळखी काढून विचारपूस केली, काही कळलं नाही. ते कधीच कळलं नाही. अक्का टीव्ही बघायला यायची ती आत नाही बसायची. उंबऱ्यातच, एक डोळा टीव्हीवर आणि एक तिच्या घराच्या दारावर. लहान होतो, आम्हाला वाटायचं तिला आत उकडतं.

गल्ली आता राहिलेली नाही. म्हणजे रस्ता आहे, माणसं पांगली. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला आले, नोकरीत हिंदी शिकले, इतकी की स्वप्नंही कधीकधी हिंदीत पडतात. बायको गेल्यावर एकटे उरलेले अण्णा आणि अक्का मात्र तिथेच, जुन्या घरांच्या जागी झालेल्या इमारतीत, समोरासमोरच्या दारांत राहिले. अंगणाच्या मालिकेला चाळीस वर्षं व्हायची होती, तेव्हा माझ्या मुलीनं, रेवानं, ठरवलं की या वेळी वाढदिवस आमच्याकडे करायचा. एवढंच नाही, तिनं इंटरनेटवर तो पहिला भाग शोधून काढला. "आई, अण्णाआजोबांना सरप्राइज. मोठ्या स्क्रीनवर लावू." अक्कापासून तिला काही लपवता येत नाही, त्यामुळे अक्काला ते आधीच सांगून झालं होतं. अक्कानं नवीन साडीला फॉलसुद्धा लावायला टाकला होता.

आदल्या दिवशी दुपारी मी सहज तो भाग लावून बघितला. अंगण होतं, कडुनिंब होता, आई धान्य निवडत होती. मित्र ट्रंक घेऊन दारात आला आणि म्हणाला की कारखान्यात अपघात झाला, तुमचा मुलगा त्यात गेला. मी तसाच बंद केला. खिडकीबाहेर ऑफिसच्या गाड्यांची रांग हळूहळू सरकत होती आणि मला वाटत होतं, की माझं लहानपण कुणीतरी आत्ताच माझ्यासमोर बदलून ठेवलं. जी मालिका आम्ही बघितली, जिच्यात सुट्टीवर येणारा तो हसरा मुलगा होता, ती कधी तयारच झाली नव्हती. ती फक्त एका खोलीत, एका माणसाच्या तोंडून चालली होती.

मी अण्णांना फोन केला. काय बघितलं ते सांगितलं.

"म्हणजे बिंग फुटलं म्हण," ते म्हणाले. "अगं, सुशीला उंबऱ्यात बसली होती. तो पोरगा ट्रंक घेऊन आला, तिनं माझ्याकडे बघितलं. मी काय सांगायचं होतं तिला? तोंडातून निघून गेलं. मग काय, एक थाप झाकायला वर्षभर थापा. मला नोकरीतसुद्धा एवढं डोकं चालवावं लागलं नव्हतं."

"उद्या लावूच नको का? रेवाला सांगते."

"सरप्राइज कसलं, अक्का तीन दिवस माझ्याकडे त्याचंच बोलतेय. आता नाही म्हटलं, तर का म्हणून विचारेल." मग म्हणाले, "आवाज बंद ठेवायला सांग. मी आहे. झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू दे."

रविवारी दोघं टॅक्सीनं निघाले. वाटेत महादेवपुऱ्याला गाडी इतकी अडकली, की अण्णांचा फोन आला, "चिरोटी इकडेच घेऊन ये, इथंच साजरा करू." पोचले तेव्हा थकले होते, पण नियम म्हणजे नियम. अण्णा टीव्हीच्या बाजूला, तसेच तिरके वळून. अक्कानं आमच्या फ्लॅटमध्ये उंबरा शोधला, तो नावापुरता होता, तरी तिनं खुर्ची तिथेच लावून घेतली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. समोर हलतंय एवढंच तिला दिसत असावं. बाकीच्या जागा रिकाम्या ठेवल्या. रेवाला मी सगळं सांगितलं होतं. तिनं आवाज बंद केला, खाली येणारी इंग्लिश अक्षरंही काढली.

अण्णांनी घसा साफ केला आणि चाळीस वर्षांपूर्वीचं अंगण पुन्हा आमच्या खोलीत आलं. काय ते बोलणं! आवाज पातळ झाला होता, दम लागत होता, पण आई मराठीत बोलायला लागली, शेजारीण कुरकुरली, आणि मी जमिनीवर मांडी घालून बसलेली ती पोरगी झाले. मला तिथून उठायचंच नव्हतं.

मग दारात मित्र आला. ट्रंक खाली ठेवली. अण्णा गप्प झाले.

मी वाट बघितली. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातलाच नाही. स्क्रीनवरची आई आवाज न करता रडत होती. चाळीस वर्षं निभावलेलं खोटं त्या म्हाताऱ्या माणसाला या वेळी बोलवेना, आणि खरं त्याहूनही बोलवेना. 

"अण्णा," सुशीलाक्का उंबऱ्यातून म्हणाली, "हिचा पोरगा आता साठीला आला असेल, नाही?"

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. "आला की," ते म्हणाले.

"लग्न केलं असेल."

"केलं. दोन मुली. थोरली डॉक्टर झाली."

"आणि त्याची तब्येत?"

"तशी बरी. गुडघे दुखतात स्वल्प."

"तिकडे थंडी फार ना," अक्का म्हणाली. "डिंकाचे लाडू खायला सांगा. हयगय करू नको म्हणावं." मग ती जरा वेळ समोरच्या हलत्या उजेडाकडे बघत बसली. "सरी, ठीक आहे. आता चिरोटी आणा गं कुणीतरी."

परत जाताना लिफ्टपाशी अण्णांनी माझा हात धरला. अक्का रेवाबरोबर पुढे गेली होती. "तिला कळलंय का गं, पुट्टी? कधीपासून कळलंय?" मला माहीत नव्हतं, मी तसंच सांगितलं. अण्णा म्हणाले, "मला विचारायचं धाडस नाही. राहू दे." त्यांचा हात थंडगार होता. तो मी लिफ्ट येईपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी अण्णा गेले, सकाळी चहा पिताना, फारसा त्रास न होता. मला वडील गेले तेव्हा इतकं पोरकं वाटलं नव्हतं. हे बोलू नये, पण खरं आहे. माणूस गेला की त्याचा आवाज जातो म्हणतात. अण्णांबरोबर माझ्या लहानपणातल्या सगळ्या माणसांचे आवाज गेले, त्या वकिलाचा, त्या खलनायकाचा, अंगणातल्या त्या आईचा.

आता महिन्यातून एखाद्या रविवारी मी मेट्रोनं अक्काकडे जाते. ती पूर्वीसारखीच दाराशी खुर्ची टाकून बसलेली असते. परवा गेले तर तिनं मला जवळ बसवलं, इकडचं तिकडचं विचारलं, रेवाचं विचारलं. मग समोरच्या अण्णांच्या बंद दाराकडे बघत हळूच म्हणाली, "त्या पोराच्या गुडघ्याचं पुढं काय झालं गं? अण्णा काही बोलले होते का जायच्या आधी?"

"ऑपरेशन झालं, अक्का," मी म्हणाले. "आता काठीशिवाय चालतो."