काकूनं जगवलेली रेवती

आमच्या घरात वर्ष डिसेंबरात संपत नाही. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघालेली माणसं पावसाच्या तोंडावर करमाडला परतली, की ते संपतं. परतल्या दिवशी संध्याकाळी गल्लीतल्या बाया आमच्या ओट्यावर बसतात आणि सालभरातली कोणती मालिका चांगली निघाली, कोणती पार फसली, याचा निकाल लागतो. निकाल देते अंबिकाकाकू.

काकू माझी चुलती. माझे आईवडील मेंढरांमागं जायचे म्हणून मी तिच्याकडंच वाढले, तिच्याच घरातून डिप्लोमा केला आणि आता शेंद्र्याच्या एका कंपनीत कामाला जाते. काकूचा एक पाय अधू आहे, त्यामुळं तिला कळपामागं चालणं जमलं नाही. ती गोधड्या शिवते आणि शिवता शिवता टीव्ही पाहते. मालिका पारखायची तिची रीत साधी आहे. ज्या घरात सगळे जेवायला बसतात, पण कुणी घास तोंडात घालत नाही, त्या घरावर तिचा विश्वास नाही. यंदा मिशीवाल्या फौजदाराची मालिका तिला आवडली, कारण तो उभ्या उभ्या भाकरी खायचा. लहान मुलांच्या गाण्यांचा कार्यक्रम मात्र, त्यात पोरांना रडवतात म्हणून, तिनं महिनाभरातच बंद केला.

सगळ्यात जीव होता तो ‘रेवतीचं घर’वर. रेवती मोठ्या बंगल्याची सून. सासूनं तिची तान्ही पोर परक्याच्या हाती दिलेली आणि रेवती तिला शोधत फिरणारी. आई रानात असली की तिचा रोज फोन यायचा. मेंढरं जाळीच्या कुंपणात कोंडून झाली, की ती रेंज मिळेल अशा उंचवट्यावर जायची, फोन स्पीकरवर टाकायची आणि आजूबाजूच्या तळांवरच्या बाया भोवती बसायच्या. काकू त्या दिवशीचा भाग सांगायची.

माघात त्या मालिकेनं रेवतीला मारलं. ट्रकखाली. दुसऱ्या दिवशी पडद्यावर दहा वर्षं उलटली, भिंतीवर हार घातलेला फोटो, आणि नवेच लोक भांडू लागले. काकू सुई हातात धरून तशीच बसली. तेवढ्यात फोन वाजला. आईनं आधी सांगितलं, की पहाटे लांडग्यानं जाळीत शिरून कोकरं नेली, मेंढ्या दिवसभर ओरडतायत. मग तिनं विचारलं, “रेवतीची पोर घावली का गं?”

काकूनं टीव्हीकडं पाहिलं.

“घावली,” ती म्हणाली.

माझ्या सर्किट तपासायच्या कामात एका टोकाला जो सिग्नल दिला, तोच दुसऱ्या टोकाला मिळाला पाहिजे. नाही मिळाला, तर बिघाड शोधावा लागतो. काकूच्या घरात तेव्हापासून एका टोकाला मेलेली रेवती आणि दुसऱ्या टोकाला जिवंत रेवती, असं चार महिने चाललं. काकू खरी मालिका रोज पाहायची, तिला नावं ठेवायची आणि मग फोनवर स्वतःची सांगायची. तिच्या रेवतीनं बंगला सोडला, शहरात उस्मानपुऱ्याला खोली घेतली, गोधड्यांचं दुकान टाकलं. सासू आजारी पडून तिच्याच दारात आली.

यंदा मेंढरं परतली. ओट्यावर निकालाची बैठक बसली. काकू त्या दिवशी आत-बाहेर करत होती, बसतच नव्हती. तिला काही बोलायची सवड मिळायच्या आधीच आईनं सांगून टाकलं, की औंदाची मालिका एकच, रेवतीची. शहरातल्या क्रांती चौकातल्या एवढ्या गर्दीत रेवतीनं पोर वासावरनं ओळखली, मेंढी कोकरू ओळखते तशी, हे ऐकून तळावरच्या बाया रडल्या होत्या.

गावातच राहून टीव्ही पाहणाऱ्या शेजारच्या दगडाबाई आईला हसायला लागल्या. “क्रांती चौक? सुगंधाबाई, लांडग्याच्या भ्यानं सपनात पाहिलं का काय? ती बया माघातच मेली की.”

आईनं काकूकडं पाहिलं. काकूनं मान खाली घातली. आई उठून आत गेली, काकू तिच्यामागं लंगडत गेली.

“बाई, त्या दिवशी कोकरं गेली व्हती,” काकू म्हणाली. “माझ्या तोंडातून मेली आसं निघंना.”

“त्या दिवशीचं कळलं. पर रोज? मी रोज त्या बायांना इस्कटून सांगायची. कडूबाई तर माझ्याच तोंडाकडं बघत बसायची. आता तिला कसं तोंड दावू मी?”

कडूबाई म्हणजे शेजारच्या तळावरची. तिचा कळप अजून वाटेत होता. काकूनं आईच्या हातातला फोन घेतला, स्वतःच नंबर लावला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रेवती कधीच मेली, पुढचं मी रचलं, सुगंधाबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं, तिला बोल लावू नकोस. मी दारात होते.

पलीकडं मेंढ्या ओरडत होत्या. मग कडूबाई म्हणाली, “टीव्हीतल्या बाईचं मरू दे. सासू दारात आली व्हती ना? तिला घरात घेतली का नाय?”

काकू आईकडं पाहू लागली. आईनं तिच्या हातातून फोन ओढून घेतला.

“उद्या सांगते,” आई म्हणाली. “आजून ठरायचंय.”

फोन ठेवून ती काकूवर फणकारली, की सासूला घरात घ्यायचं नाही, तिला आधी दुकानात बसून टाके घालायला लावायचं. काकू म्हणाली, आजारी माणसाला आसं कुठं आसतं का. त्या दोघी भांडत चुलीपाशी बसल्या. बाहेर ओट्यावर दगडाबाई निकालाची वाट पाहत होत्या. थोड्या वेळानं त्या उठून आत आल्या आणि विचारू लागल्या, की ही सासू आजारी कधी पडली.