तालमीच्या दारात बसलेली आत्या

कुमुदआत्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी गोरेगावला सासुरवाडीत जिलब्या हाणत होतो. तसाच मुलुंडला धावलो आणि रडायच्या आधी धापाच टाकत बसलो. आत्या असती तर म्हणाली असती, "आधी पोट कमी कर, मग शोक कर."

समाचाराला आलेले आमच्या चाळीचे सेक्रेटरी अण्णा म्हणाले, "बाई सोन्यासारख्या. जरा संशयी होत्या, एवढंच." तो संशय मी जवळून पाहिला होता.

चाळीतला पेटीमास्तर वसंता एका लहान मुलीशी केलेल्या कुकर्मासाठी तुरुंगात जाऊन आला होता. वर्षभरात गणपतीच्या मेळ्यातल्या मुलींची गाणी बसवायला कमिटी पुन्हा त्यालाच बोलवायला निघाली. मीही कमिटीवर होतो, म्हणजे चहा सांगायला. वसंता सुधारला की नाही, याची परीक्षा चालली होती. कुणी म्हणे, रोज देवळात जातो. कुणी म्हणे, घरंदाज आहे, एकदा पाय घसरला. अण्णांनी हुकमाचं पान टाकलं, "अहो, तुरुंगात इतका चांगला वागला की सरकारनं शिक्षा कमी केली!"

दारात उभी असलेली आत्या म्हणाली, "तुरुंगात लहान मुली होत्या का रे अण्णा?"

मग अण्णा हसले, अगदी गुळचट. "कुमुदताई, माणसाला संधी द्यावी लागते."

"दे ना. तुझ्या दुकानात दे."

अण्णांना तो दुकानात मात्र नको होता. गिऱ्हाईक बिचकलं असतं! पोरींसाठी चालत होता. असलं फुकटचं औदार्य! ठराव झालाच.

दुसऱ्या दिवसापासून आत्या तांदूळ निवडायला सूप घेऊन तालमीच्या दारात बसू लागली. वसंता चुळबुळला, "ताई, माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही. वाजव तू."

विसर्जन झालं, वावगं काही घडलं नाही. अण्णा मिशीत हसत म्हणाले, "बघा, उगाच संशय!"

आत्या म्हणाली, "मी एक दिवस तरी उठले होते का तिथून?" पुढच्या प्रत्येक वर्षी ती तशीच बसली.

यंदाही तालमी सुरू झाल्यात, पेटीवर वसंताच आहे. आत्याचं सूप घेऊन दारात मी बसतो. खडे ठेवतो, तांदूळ फेकतो. बायको घरी उद्धार करते. काल अण्णा म्हणाले, "अरे, इतकी वर्षं झाली, अजून काय राखत बसलायस?"

मी सुपातले तांदूळ पाखडत राहिलो. पहिल्या रांगेत त्यांचीच नात नाचत होती.